भिंतीला चिकटलेला हेलियम

३ जाने.
सूनबाई सुट्टीवर आल्यात म्हणे! सुट्टी कसली, सकाळपासून लॅपटॉपला चिकटून. इंग्लंडातली लॅब आमच्या हॉलमध्येच थाटलीये. चहा दोनदा गार. ओरडले. "आई, एकच मिनिट." हिचं मिनिट मला पाठ आहे.

पण काम ऐकलं आणि चहा विसरले. केसाहून बारीक फट, तिच्यात हेलियम भरायचा. इतका गार करायचा की तो कुठंही न घासता वाहतो. मग चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी विचारायचं, बाबा, कसा आहेस? अणू उत्तर देतात, पडद्यावर शिखर उमटतं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, असलं काही ऐकलं नव्हतं.

५ जाने.
एक शिखर जास्तीचं आलंय!! अरुंद जागेत कोंडल्यामुळं हेलियमचं नवंच रूप, असं तिच्या सरांचं मत. महिनाअखेर परिषदेत सुजातानं सांगायचं. पुढची नेमणूक त्यावरच. मला राहवतंय होय! संध्याकाळी विहारात सांगून टाकलं.

६ जाने.
कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स. सु. चा लग्नातला फोटो, 'जागतिक शोधाबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि तिच्याहून मोठे भावी नगरसेवक. सु. नं कपाळाला हात लावला. "आई, अजून नक्की नाहीये हो." चुकलंच माझं.

८ जाने.
सु. जेवली नाही. शेवटी बोलली. हेलियमचा पहिला थर भिंतीला चिकटून गोठतो, त्याचा सिग्नल वेगळाच. म्हणून आधी दुसऱ्या जातीचा, चुंबकात मुका राहणारा हेलियम सोडून भिंतींना अस्तर द्यायचं. ते किती, हे सु. नंच काढलेलं. फटीच्या भिंती हिशोबात धरल्या. पण गार करायला चांदीच्या भुकटीची वडी असते, स्पंजासारखी. तिच्या भोकाभोकांतल्या भिंती धरायच्या राहिल्या. बहुतेक अस्तर त्या वडीनंच पिऊन टाकलं असेल. मग ते शिखर म्हणजे नुसती भिंत!

"कुणाच्या लक्षात आलंय?"
"माझ्याच."

९ जाने.
माझ्यासमोर सरांना फोन. हिशोब माझा चुकलाय, पुन्हा करून बघेपर्यंत परिषदेत बोलणार नाही. सर म्हणाले, मग नेमणुकीचं सांगता येणार नाही. पोरीचा आवाज नाही हलला. काय बाई आहे ही! माझ्यानं झालं नसतं.

फ्लेक्स काढायला गेले तर मंडळाचा पोरगा, "राहू द्या ना मावशी, पुढं लागंलच की!" चांगला झापला.

१९ जाने.
तिकडं सगळं तापवून रिकामं केलं, अस्तर वाढवलं, पुन्हा गार करायला लावलंय. सु. उद्या निघते. बॅगेत चिवडा कोंबला. विचारलं, आता गं?

"शिखर गेलं तर माझी शंका खरी. राहिलं तर शोध खरा, पण परिषद उगाच घालवली म्हणतील."
"मग तुला काय हवंय?"
"जे असेल ते दिसू दे, आई."

तिचं ठीक आहे. मला मेलीला दोन्ही हवंय. शिखरही राहावं, आणि माझी सु. पण खरी ठरावी.