एकदाच घडलेलं

दि. २ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी सर्दी गेली असेल. इथे हॉस्पिटलात माझं धाबं दणाणलंय. परवा लिफ्ट बंद म्हणून एका आजींना ट्रॉलीवरून रॅम्पने खाली नेत होतो. सिस्टरने वरून हाक मारली, मी थांबून मागे वळलो, तेवढ्यात ट्रॉली सुटली नि भिंतीवर आदळली. आजींचं मनगट मोडलं. साहेबांनी अहवालात लिहिलंय की माझ्याकडे हलगर्जीपणाची ‘प्रोक्लिव्हिटी’ आहे. पुढच्या शनिवारी सुनावणी. हा शब्द तसाच राहिला तर नोकरी गेलीच. तू जन्मभर शब्दकोशाची प्रुफं तपासतेस, तर सांग, ही काय भानगड आहे? घरी हिला अजून सांगितलं नाही.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.

तुझा,
धाकटू

दि. ६ ऑगस्ट

चि. धाकटूस अनेक आशीर्वाद.

सर्दी आहे तिथेच आहे. आधी नीट जेव. तू घाबरलास की ताट सरकवतोस.

प्रोक्लिव्हिटी म्हणजे कल, ओढा. मूळ लॅटिन: ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘क्लिव्हस’ म्हणजे उतार. पुढे उतरती जमीन, त्यावरून मनाचा कल. हे तिथे सांगत बसू नकोस, उताराचं नाव काढलंस की सगळ्यांना ट्रॉलीच आठवेल. पुढचं मात्र घोकून जा. इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा वाईट सवयीलाच लावतात, आणि सवय म्हटली की ती पुन्हा पुन्हा दिसायला हवी. अकरा वर्षांत एकदाच घडलं, त्याला हा शब्द लागू पडत नाही. ठणकावून सांग.

पत्र लगेच टाक, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई

दि. १२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा मुद्दा बिनतोड ठरला. साहेबांनी त्या शब्दावर रेघ मारली. आजी आल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्या म्हणाल्या की माणूस आहे, एकदा चुकतो, याच्या पोटावर पाय आणू नका.

ताई, तुलाही न सांगितलेलं एक आहे. ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाबावा लागतो, आमचे फार घट्ट आहेत. पहिल्या वर्षापासून मी तो लावतच नाही, चप्पल काढून चाकाखाली सारतो. याआधी तीनदा चाक चपलेवरून गेलंय. ट्रॉली रिकामी होती म्हणून कुणाला कळलं नाही. आजी माझी बाजू घेताहेत हे मला सहन होईना. सगळं सांगून टाकलं.

कालपासून घरी आहे. ही बोलत नाही. तुझी मेहनत मी मातीत घातली, हवं तेवढं रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटू

दि. १६ ऑगस्ट

चि. धाकटूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून बावळटा म्हणून मोठ्यांदा ओरडले. तुझं पत्र येण्याआधीच मी ऑफिसभर सांगत सुटले होते की एका शब्दावर भावाची नोकरी वाचवते आहे. आता त्यांना काय ते सांगेन. बायकोला दोन दिवस काही बोलू नकोस, मग चहा करून दे.

रात्री राग उतरला आणि लाज वाटली. तुझ्या पहिल्या पत्रावर मी चार कोश उघडले, पण ट्रॉली सुटली कशी, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर तू मला खरं सांगितलं असतंस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

या खेपेला लोभ मीच मागते आहे.

तुझी,
ताई