मांसाखालचा उजेड

चिमीच्या आईस, आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तू गोळ्या वेळेवर घेतेस ना? लेक मजेत आहे. जरा वाळलीय, पण ते मी लिहिलं नाही असं समज.

तू मला तिला परत आणायला पाठवलंस. काल तिने तिची प्रयोगशाळा दाखवली. दोन बाटल्यांत डोळ्यांना न दिसणारे बारीक कण होते, दिव्याखाली धरले की प्रकाश देणारे. एक बाटली हिरवीगार लखलखली, दुसरी नुसती लालसर मिणमिणली.

"बाबा, कोणते कण चांगले?"

"हिरवे! विचारायचं काय त्यात?"

तिने दोन्हींवर कोंबडीच्या मांसाचा जाड तुकडा ठेवला. हिरवं गडप झालं. लाल मात्र मांसातूनही कॅमेऱ्यात स्वच्छ दिसलं.

"परीक्षक नापास!" म्हणून पोरगी हसली. मग हळूच म्हणाली, "हे कण कॅन्सरच्या गाठीत जाऊन बसतात. गाठ कुठे संपते हे डॉक्टरांना तेव्हा असं दिसलं असतं, तर आईला दुसऱ्यांदा कापावं लागलं नसतं."

हे अजून माणसांना देत नाहीत. आधी अपाय होत नाही ना, ते तपासायचंय. त्याला वर्षं लागतील म्हणे.

म्हणून मी एकटाच येतोय. तिला बोलावू नकोस, फोनवर रडूही नकोस. भांडायचं ते माझ्याशी भांड. तू भांडायला घरात आहेस, याचे उपकार मी रोज मानतो.

तुझाच,
चिमीचा बाप