पाचवं बटण

३ जानेवारी, सकाळ
वधू-वर पुस्तिकेचं काम सुरू. चौदा वर्षं यादी हातानं लिहिली, यंदा कॉम्प्युटरवर. समाजाच्या बैठकीत किसनराव म्हणाला, कडूबा, आता पोट्ट्यायले देऊन टाका हे काम. दिलं नाही. मुखपृष्ठावर संकलक म्हणून माझंच नाव येईल. मुदत १२ तारीख. ९ लाच देईन.

लॅपटॉप नवा, मुलानं, हर्षलनं, नाशिकहून पाठवलेला. यादीचा प्रोग्राम समितीचा, जुना. सरावासाठी नमुना म्हणून स्वतःचीच माहिती भरली. वय ७१. शिक्षण सातवी. अपेक्षा : शांत स्वभाव, उलट बोलणारी नसावी.
जतन करायचं बटणच नाही. विंडो खालून कापलेली.

४ जानेवारी
मोताळ्याच्या कॉम्प्युटरवाल्या गोकुळला फोन केला. म्हणतो, काका, तुमचं स्केलिंग दीडशे असन, शंभर करा. मी सांगितलं, दाताचं स्केलिंग मागच्याच वर्षी झालं, त्याचा इथे काय संबंध? हसला. या माणसाच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

५ जानेवारी
चढलो.
स्केलिंग म्हणजे पडद्यावरची अक्षरं किती मोठी करायची ते. नव्या पडद्यावर सगळं बारीक दिसतं, म्हणून हर्षलनं दीडपट करून पाठवलं. जुन्या प्रोग्रामला ते झेपत नाही. विंडो फुगते, खालची बटणं पडद्याबाहेर जातात. दीडपट करायला कुणी सांगितलं होतं? माझे डोळे ठणठणीत आहेत. शंभर केलं.

६ जानेवारी
शंभरवर अक्षरं खसखशीएवढी. लॅपटॉप खराब आहे. इंद्रभानच्या पोराची उंची पाच फूट आठऐवजी आठ फूट पाच भरली गेली. नात मयुरी म्हणे, आबा, याले पोरगी नाही, शिडी पाहा.
पुन्हा दीडशे.
तीच म्हणते, प्रोग्रामच्या चिन्हावर राइट क्लिक करून एक सेटिंग बदलावं लागते, दोन मिनिटांचं काम हाय, करून देऊ काय? हात लावू दिला नाही. उद्या किसनराव गावभर सांगेल, नातीनं केलं.

८ जानेवारी
मार्ग सापडला. प्रोग्रामसोबतच्या कागदावर बटणांचा क्रम छापलेला आहे. छपाई फिकट, पण चौथं 'जतन' आणि पाचवं 'काढा' एवढं वाचता आलं. म्हणजे टॅब चारदा दाबून एंटर, की नोंद जतन. पाचदा, की नोंद गेली. बटण दिसायची गरजच नाही. नमुना जतन झाला. दिवसभरात एकोणीस स्थळं.

९ जानेवारी
आज देणार होतो. लाइट नव्हती.
शिवाय घरात शांतता नाही. टॅब मोजायच्या सवयीनं बोटं ताटावर चालत होती, तर बायको अन्नपूर्णा म्हणे, भाकर खाऊन राह्यले का मोजून राह्यले?

११ जानेवारी, संध्याकाळ
सगळी स्थळं भरली. आपला नमुना तेवढा काढायचा होता. पाच टॅब, एंटर. खात्रीसाठी आणखी एकदा. पेनड्राइव्ह छापखान्यात दिला. किसनराव म्हणाला, मी नजर टाकू काय? म्हटलं, गरज नाही.

१९ जानेवारी
मोताळ्याला मेळावा. मुखपृष्ठावर 'संकलक : कडूबा', ठळक अक्षरांत.
आतही आहे. वर विभागात क्रमांक एक, बहात्तर आणि त्र्याहत्तर.
किसनरावनं माइकवरून वाचलं, अपेक्षेसकट. वर म्हणाला, तीन-तीनदा विचारून राह्यला माणूस, कोणीतरी पाहा बे. मांडव हसला. पुढच्या वर्षीचं काम पोरांकडे.

२० जानेवारी
सकाळी धामणगाव बढ्याहून एकाचा फोन. त्याची बहीण विधवा, वय चौसष्ट, स्वभाव शांत. फोन अन्नपूर्णानं घेतला. सगळी विचारपूस केली, मग म्हणाली, स्थळ मजबूत हाय, फक्त त्यायले उलट बोललेलं चालत नाही.

दुपारी मयुरीनं न विचारता ते सेटिंग बदललं. विंडो पूर्ण दिसली. पाचवं बटण 'प्रत काढा'. सहावं 'नोंद काढा'. कागदावरही तसंच आहे म्हणते. तिला 'प्रत' स्वच्छ दिसतं. मी कागद उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला.

उद्या बुलढाण्याला डोळे तपासायला जायचं आहे. अन्नपूर्णाला सोबत चल म्हटलं. म्हणाली, मी कायले, धामणगाववालीले घेऊन जा.