कोंबाच्या अंगणातली नदी

सिदिकीदादास,
सलाम.

शुक्रवारी तू गावी येऊन मशिदीत कुराणावर हात ठेवून सांगणार, की गावात आधी आपलं घर आलं, म्हणून नायजर नदीत वर्षाचं पहिलं जाळं आपणच टाकायचं.

भिंती लिंपायला माती हवी होती, म्हणून कोंबाआजीच्या अंगणात खणलं. आजीचे हे बोझो लोक, जातीचे कोळी, अन् नदीपासून एवढे लांब का राहतात, म्हणून आपण हसतो ना? हातभर खाली नदीची वाळू लागली, शिंपले लागले, आणि जाळ्याला बांधायचे भाजक्या मातीचे मणी. आजचा काठ, जिथं आपलं घर आहे, तिथून हजार पावलं. मी चालून मोजली. एवढं सरकायला नदीला किती पिढ्या लागल्या असतील, हेच डोक्यात घोळतंय.

कोंबाआजी म्हणाली, "पोरी, नदी आमच्या दारातनं उठून गेली, तेव्हा कुठं तुमचे लोक आले. वाटसुद्धा आम्हीच दाखवली."

"आजी, गावात सगळ्यात जुनी तुझी जीभच," मी म्हटलं. पण पुढं हसता आलं नाही.

हे पत्र टाकत नाही. वाचलंस तर तू यायचाच नाहीस. तू ये. आधी तुला त्या खड्ड्यात उतरवते, मग कुराणावर हात ठेव.

तुझी बहीण,
असेतू