वजनाच्या जागी वय

११ नोव्हेंबर, सोमवार
आजही रजा नाही! माहेरी, आहुप्याला, आई भातकापणीत घसरून पडली. पाय प्लास्टरमध्ये, घरात एकटी. कंपनीतले मोहित सर म्हणाले, तिथं रेंज नाही आणि दवाखान्याचा प्रोग्राम तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. इकडे सासूबाईंचं एकच — बिबट्या हिंडतोय, एकटीनं जायचं नाही. नवऱ्याला विचारलं. रामदास म्हणाला, आईला विचार.
राजुरीच्या या खोलीत मी, लॅपटॉप आणि खिडकीला टेकलेला ऊस.

१२ नोव्हेंबर
प्रोग्रामनं एका म्हाताऱ्याचा औषधाचा डोस चुकवला. वय अडुसष्ट, वजन बेचाळीस किलो — आणि डोस काढला अडुसष्ट किलोचा! नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.
माझा प्रोग्राम चालता चालता प्रत्येक फंक्शनकडे, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याकडे, बघतो — याला काय काय हवंय? तिथं लिहिलेली नावं वाचतो, ‘वजन’, ‘वय’, आणि त्या नावानं आकडे पोचवतो. मग आज काय झालं?

१३ नोव्हेंबर
सापडत नाही. आईचा फोन लागत नाही.

१४ नोव्हेंबर
सापडलं! कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते बघायला मोहित सरांनी परवा सगळ्या फंक्शनांवर एक वेष्टण चढवलं. आता बाहेरून वेष्टणच दिसतं, आतली नावं दिसत नाहीत. नावं मिळाली नाहीत की प्रोग्राम आकडे आले तसे ओळीनं देऊन टाकतो. आधी हवं होतं वजन, आलं वय; ते वजनाच्या जागी बसलं.
दुरुस्त केलं. आतली नावं आता बाहेरून दिसतात. आणि नाव नाही दिसलं तर अंदाज करायचा नाही — तिथंच थांबायचं.

१५ नोव्हेंबर
टीममध्ये शीला नवीन आहे. तिला दिवसभर फोनवर शिकवलं. तिनं वेष्टण काढून, परत घालून स्वतः बघितलं. मग मोहित सरांना म्हटलं, “शीलाला आता येतं. मी रविवारी निघतेय. रजा द्या, नाहीतर देऊ नका.” ते म्हणाले, जा.
रामदासला सांगितलं. तो सासूबाईंकडे बघत राहिला. त्या उठून आत गेल्या. म्हणजे भांडण व्हायचंय अजून.

१७ नोव्हेंबर, रविवार
एसटीत लिहितेय. सकाळी दार उघडलं तर सासूबाई ओट्यावर. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी. वाटलं, अडवायला बसल्यात.
म्हणाल्या, “मला बी ने तुझ्या आईकडं. आन् रामदासनं इचारलं, कवा परत येणार, तर सांग — त्याच्या आईलाच ठावं न्हाई.”