आईंचा कान

आई,

बाइक खडखडत राहण्यात सगळ्यात जास्त फायदा तुमचा होता. टेकडीपलीकडच्या दवाखान्यातली माझी नोकरी पहिल्याच दिवशी बुडाली असती आणि माझी छोटी दिवसभर तुमच्या गळ्यात पडली नसती.

काल बाबांनी कॅम चेनचा, म्हणजे इंजिनातल्या साखळीचा, टेन्शनर आवळायला घेतला खरा, पण त्यांना हल्ली बारीक आवाज ऐकू येत नाही. माझ्या कानावर त्यांचा भरवसा नाही. "सुनेला जायचंय, तिला सगळं गोडच ऐकू येणार," म्हणाले आणि तुम्हाला हाक मारली. या नोकरीचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या बाईलाच पंच नेमलं. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

तुम्ही ओले हात पदराला पुसत इंजिनाशी वाकलात. "खडखडतेय अजून." बाबांनी स्क्रू फिरवला. खडखड थांबली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोच तुम्ही म्हणालात, "फार आवळलंत. आता कण्हतेय. अशी ताणली तर पोरीला वाटेत दगा देईल." त्यांनी जरा सैल केला. "हं, आता जाईल नीट," म्हणून तुम्ही आत गेलात. गप्प बसला असतात, तर कुणाला कळलंही नसतं.

दूध तापवून ठेवलंय. छोटीला दुपारी झोपवा, नाहीतर संध्याकाळी ती तुम्हालाच नाचवेल. मी अंधार पडायच्या आत येते.

हिशेब सरळ आहे. नोकरी मला मिळाली, दुरुस्तीची शाबासकी बाबांनी घेतली आणि दुपारची झोप गेली ती तुमची.