भाऊच्या नसांमधली वीज

पुणे, रविवार

तीर्थरूप आईस मेघाचा नमस्कार.

फोनवर तू नुसती रडतेस, म्हणून लिहिते. पुनमवहिनीकडून वाचून घे.

तापानंतर हिलालभाऊचे पाय गेले ते गेलेच, असं पारोळ्यात सगळे म्हणतात. ते खरं नाही. डॉक्टर म्हणाले, नसांच्या पेशी स्वतःच वीज तयार करतात. पेशीतले क्षार आत-बाहेर होतात, त्यातून ती उठते आणि नसेतून धावत स्नायूपर्यंत जाते. भाऊच्या नसांवरचं आवरण आजाराने झिजलंय, म्हणून ती वाटेतच अडते. आवरण पुन्हा येतं, पण वेळ लागतो.

पहिल्या तपासणीत नस बघायला घोट्याजवळ विजेचे बारीक झटके दिले, तरी पाऊल हललं नाही. ते मी तुला सांगितलं नाही. त्याच्या श्वासावरही लक्ष ठेवावं लागतं. मी सारखी त्याच्या छातीकडे बघत बसते. श्वासाची नळी मात्र घालावी लागली नाही.

तू जेवतेस ना? नानांचा खोकला कसा आहे?

आज पुन्हा तपासणी झाली. झटका बसताच पाऊल उडालं आणि भाऊ तपासणाऱ्या ताईंवर खेकसला, "धीरे लावा ना, दुखस माले."

ताई थांबल्या. मी म्हटलं, "ताई, अजून एकदा द्या."

तुझी,
मेघा